उजव्या हाताची नखं

सत्त्याण्णव साली एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतून मी निघाले, तेव्हा दारात टॅक्सी उभी होती आणि आई माझी नखं कापत होती. फक्त उजव्या हाताची. "आता तिकडे रोज कणीक भिजवायचीय. पीठ अडकून बसतं नखात," ती म्हणाली. लग्नाला वर्ष झालं होतं, नवरा टोरांटोत, व्हिसा आत्ता कुठे हातात आलेला. भांडायचं त्राण नव्हतं. गिटार कपाटावर राहिली.

ती नखं मी दोन वर्षं जपली होती, तारा छेडायला. देवळाली कॅम्पात पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेले एक मास्तर शिकवायचे. अंगठा जाड तारांवर, पुढची तीन बोटं बारीक तारांवर, प्रत्येकाची तार ठरलेली. "कलाई मत हिलाओ बेटा, उँगली जड़ से चलाओ." माझी अनामिका मात्र मेली हट्टी. एकटी म्हणून हलायची नाही, मधल्या बोटाला सोबत ओढायची, आणि एका ठरावीक जागी दोन तारा एकदम वाजायच्या. घरी तास तास तेच चालायचं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बास गं ते टुणटुण! एका हाताची नखं ही एवढाली, दुसऱ्याची कापलेली. लोक अर्धवट म्हणतील!" तिला यातलं ओ की ठो कळत नाही, असं मी धरूनच चालले होते.

टोरांटोत वेअरहाऊसमध्ये खोकी भरायचं काम मिळालं. शिफ्ट, बस, पोळ्या, झोप. पुठ्ठ्याने बोटं उलायची, वाढवलेलं नख आठवड्यात तुटायचं. तुम्ही जे इकडे आलात, त्यांना हे सांगायला नको. आणि जे तिकडे राहिलात, त्यांना आपण फोनवर सांगतच नाही. सात वर्षं मी गिटारीला हात लावला नाही. थकवा होताच, पण खरं म्हणजे भीती वाटायची. हात गेला असला, तर माझं म्हणून उरलं काय?

शेवटी शेजाऱ्यांनी घरातलं जुनं सामान विकायला काढलं, त्या गराज सेलमध्ये एक जुनी गिटार घेतली. महिनाभर नुसत्या बोटांच्या मांसानेच वाजवत राहिले. एका रविवारी सकाळी आईचा फोन आला. तिकडे संध्याकाळ.

"काय करतेस?"

"गिटार वाजवतेय."

"वाजव बघू."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि मास्तरांनी शिकवलेली जुनी धून वाजवली. व्हायचं तेच झालं, अडखळले.

"अजून तिथेच चुकतेस गं," आई म्हणाली. "ती जागा जवळ आली की माझा हात थांबायचा. किती पोळ्या करपल्या माझ्या त्यापायी!"

मला रडूच कोसळलं. टोरांटोत माझी चूक कुणाला ऐकूही आली नसती, आणि एकलहऱ्यात ती एका बाईला पाठ होती. घर म्हटलं की आता मला एवढंच कळतं.

"रडतेस काय? पुन्हा वाजव," ती म्हणाली. "सावकाश. मी गॅस बंद केलाय."