पेल्यातून दिसणारा शिक्का

गेनूतात्यांनी उभ्या हयातीत कोणाच्या वाटेत घाण केली नाही, असं परवाच्या शोकसभेत अध्यक्षांनी भरल्या गळ्याने सांगितलं. वीस-बावीस म्हशी पाळणाऱ्या माणसाबद्दल हे विधान धाडसाचं आहे. चिंचवडच्या अलीकडे, कामगार वसाहतीच्या विहिरीला लागून जो ओढा आहे, त्यात तात्यांच्या गोठ्यातलं शेणामुताचं पाणी कित्येक वर्षं सरळ जात होतं. त्याविरुद्धचा वसाहतीचा तक्रारअर्ज, अक्षर बरं म्हणून, मीच लिहिला होता. वसाहत उभी राहिली त्याच्या कितीतरी आधीपासून गोठा तिथे होता, एवढं लिहायचं तेवढं राहून गेलं.

महिन्यापूर्वी मी चार दिवस गावी गेलो होतो. परतलो त्या सकाळी दारात तात्यांऐवजी त्यांची सून हौसाबाई किटली घेऊन उभी होती. "तात्या गेलं... परवा," ती म्हणाली, आणि माप भरलं. म्हशींना सुतक कळत नाही.

अर्जावर पालिकेच्या कचेरीची नोटीस निघाली, तेव्हा तात्या ती घेऊन माझ्याकडेच आले होते. "तुमीच लिवलंय म्हणं. मग ह्यात काय हाय ते बी तुमीच वाचा." मी वाचलं : पाणी स्वच्छ करा, नाहीतर गोठा हलवा. चाकणकडे त्यांच्या भावकीची जागा होती, ती मी सुचवून पाहिली. "तिथनं दूध इथं येईस्तवर दही व्हईल, मास्तर," ते म्हणाले. मी मास्तर नव्हतो, औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत होतो. पण वाचणारा माणूस त्यांच्या लेखी मास्तरच.

त्यांच्या आईच्या मोरीचं पाणी परसात अळवावर सुटायचं आणि तिथे कधी वास आला नाही, एवढ्या भांडवलावर त्यांनी उतारावर एकाखाली एक तीन खड्डे खणले. एक मोरी आणि बावीस म्हशी यांतला फरक मी त्यांना सविस्तर समजावला. ते व्हय व्हय म्हणत खणत राहिले. पहिल्या खड्ड्यात लावलेलं अळू आठ दिवसांत सडलं, आणि मी काही बोललो नाही, हे मोठेपण मी आजवर जपलं आहे. मग त्यांनी पहिला खड्डा नुसता शेण खाली बसायला ठेवला, दुसऱ्यात खडी भरून ओढ्यातलं पाणकणीस लावलं, तिसऱ्यात कर्दळ. पाणी खडीतून, मुळ्यांमधून मुंगीच्या पावलांनी जायला लागलं. दोनेक महिन्यांत कर्दळ पुरुषभर झाली, आणि शेवटच्या खड्ड्याच्या नळीतून जे पडायला लागलं त्याला पाणी म्हणता येत होतं.

तात्यांची तपासणी साधी होती. नळीखाली कड उडालेला एक काचेचा पेला धरायचा, तो उन्हात आणायचा आणि मागे ती नोटीस उभी करायची. "आपल्याला वाचाय येत न्हाई, पण शिक्का दिसला का पाणी पास." मी कंपनीत नेऊन तपासायला एक बाटली भरून घेतली होती. माझी उपकरणंही जवळपास तेच म्हणाली, जरा जास्त वेळ घेऊन.

नोटिशीवर सही करणारे साहेब पाहणीला येणार त्या सकाळी कचेरीचा मुकादम आठ माणसं घेऊन आधीच पोचला. साहेबांना जंगल दिसू नये म्हणून त्यांनी पाणकणीस आणि कर्दळ मुळासकट उपटली, काठाच्या दगडांना चुना फासला आणि खुर्ची मांडली. तात्या तेव्हा दूध घालायला गेले होते. ते परतले, मीही पोचलो, तोवर साहेब आले, हार झाले, आणि नळीतून काळंशार पाणी पडलं. पेला भरला, मागे नोटीस धरली. शिक्का सोडाच, कागदही दिसेना.

मी तात्यांकडे पाहिलं नाही. गोठा गेला, असं मी धरून चाललो होतो, आणि सुरुवात माझ्याच अक्षरात झाली होती. तात्यांनी पेला शांतपणे ओतला. "मास्तर, तुमची बाटली आणा." मी घरी जाऊन उरलेलं पाणी आणलं. पेला विसळून ते त्यात ओतलं आणि तात्यांनी तो साहेबांच्या डोळ्यांसमोर धरला. साहेबांनी आपली नोटीस पेल्यातून सहीपर्यंत वाचली.

"हे झाडं हुती तवाचं," तात्या म्हणाले. "आन् खाली हाय ते तुमच्या मान्सांनी साफसफाई केल्यावरचं. आता कुणाला हलवायचं ते तुमीच ठरवा."

साहेब हसले नाहीत, पण मुदत वाढवली. कर्दळ पुन्हा लावली, ती आजही आहे. गोठाही आहे.

काल मी तिकडे गेलो. हौसाबाईने नळीखाली तोच पेला धरला, मागे चिंध्या झालेली नोटीस उभी केली, शिक्का पाहिला आणि पाणी कर्दळीवर भिरकावलं. मला भरून आलं... मग तिने पेला पदराने पुसला आणि त्यात मला चहा ओतला. गेली सात-आठ वर्षं त्या घरी मला चहा कड उडालेल्या पेल्यातच मिळत आला आहे.