वरातीच्या घोडीवर साहेब

“डॉक्टरीणबाई, सोमवारी तीन घोड्या लागतील,” चेअरमन म्हणाले. “पुण्याचे साहेब येणार हायेत. डोंगरावर न्यायचंय.”

आमच्या दूध संघात मी जनावरांची डॉक्टर होते. गाई-म्हशींशी रोजची गाठ. घोड्यावर बसलेला माणूस मात्र मी लग्नातच पाहिला होता.

मोरांच्या अभयारण्याला लागून डोंगरावर एक वस्ती आहे. तिथल्या बाया पहाटे धारा काढून, डोक्यावर कॅन घेऊन पायथ्याला येत. संघाची गाडी यायला दहा वाजत. दुष्काळाचं दुसरं वर्ष, त्यात उन्हाळा. दूध आमच्याकडे पोचेपर्यंत नासायचं. डेअरीत सीओबी नावाची टेस्ट असते. नळीत थोडं दूध घ्यायचं, उकळत्या पाण्यात धरायचं, गाठी झाल्या की अख्खा कॅन परत. संघ लहान, त्यामुळे ही टेस्टही माझ्याच गळ्यात होती.

पायथ्याला बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवणारी टाकी, बसली तर प्रश्न सुटणार होता. पण ती मंजूर करणाऱ्या पुण्याच्या साहेबांना शंका. दुष्काळात वर म्हशी कुठल्या? हे दूध कागदावरचंच असणार. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही नाही, असं त्यांनी कळवलं. वर जायला पाऊलवाट आणि साहेबांचे गुडघे दुखरे. शिवाय जाता जाता त्यांना मोर बघायचे होते.

नेकनूरकडच्या गणपतमामांकडे वरातीच्या घोड्या होत्या. मला बरंच वाटलं. बँड आणि फटाके सोसणारं जनावर डोंगरात काय बिथरणार? मी तीन दिवस तयारी केली. खूर पाहिले, नाल पाहिले. गाढवांवरून पाणी चढवून वाटेत दोन पिंपं भरून ठेवली. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडी पोट फुगवते. म्हणून दहा पावलं चालवून तो पुन्हा आवळायचा, हेही लिहून काढलं. यादी दोन पानं झाली. चेअरमननी ती सगळ्यांना दाखवली.

सोमवारी सात वाजता तिघांनी साहेबांना स्टुलावरून घोडीवर चढवलं. मागे चेअरमन, त्यांच्यामागे मी. पायथ्याला मारुतीचं देऊळ आलं आणि साहेबांची घोडी थांबली. मागच्या दोघीही थांबल्या. मामांनी ओढलं, चुचकारलं. घोडी देवळाकडे तोंड करून उभी.

“कावून थांबली?” चेअरमननी विचारलं.

“नवरदेव मारुतीला उतरतो की,” मामा शांतपणे म्हणाले. “पाया पडंल, नारळ फुटंल, मग निघंल. लई शिस्तीची हाय.”

“मी उतरणार नाही,” साहेब म्हणाले. “पुन्हा चढवणार कोण?”

माझ्या दोन पानांत नारळ नव्हता. गावातलं एकुलतं दुकान बंद होतं, म्हणून एकाला सायकलवर पिटाळलं. साहेब खोगिरावर, ऊन डोक्यावर. चेअरमन माझ्याकडे असे बघत होते, जणू घोडी मीच अडवली होती.

नऊ वाजले. साहेबांनी चहा मागितला. डोंगरावरून बाया साडेसातलाच उतरल्या होत्या आणि गाडीची वाट बघत देवळाच्या सावलीत बसल्या होत्या. ठकूबाई त्यांच्यातली थोरली. तिनं आपल्या कॅनमधलं दूध आनंदानं पुजाऱ्याच्या पातेल्यात ओतलं. उकळी आली आणि चहाच्या गाठी झाल्या. दुसरीच्या कॅनमधलं दूध घेतलं, तेही फाटलं.

ठकूबाई माझ्याकडे वळली. “तुमी रोज माघारी धाडता ते हेच दूध, बाई. खाली उतरलो तवा चांगलं व्हतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच उन्हाळे ते कॅन मी परत पाठवत होते आणि या वेळेला इथे एकदाही आले नव्हते.

साहेब वरून बघत होते. “मला खाली घ्या,” ते म्हणाले. उतरून त्यांनी एकेक कॅन उघडला, वास घेतला. “म्हशी किती?” ठकूबाईनं घरागणिक सांगितल्या. “या वर, मोजा,” म्हणाली. तेवढ्यात नारळ आला. साहेब खाली होतेच, पाया पडले. नारळ फुटला, घोडीनं कान हलवले आणि त्यांना परत चढवताच मुकाट चालू लागली.

वर साहेबांनी म्हशी स्वतः मोजल्या, चुलीवरचा कोरा चहा प्यायला आणि तिथेच सही केली. मोर एकही दिसला नाही. चेअरमन उतरताना म्हणाले, “डॉक्टरीणबाई, पुढच्या यादीत नारळ वर लिवा.”

कूलर बसला. पहिल्या दिवशी ठकूबाईच्या दुधाची टेस्ट मी दोनदा केली. दोन्ही वेळा गाठ नाही.

घोडीचे खूर तपासले, पण ती वरातीत काम कसं करते हे मी विचारलं नाही. आणि दूध तर रोज तपासत होते. ते येतं कसं, हे कळायला मात्र घोडी अडावी लागली.