गड्याच्या गतीबाबत तक्रार अर्ज

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा निवायच्या आत सांगून टाकतो. मी एकदा वीज कार्यालयाला लेखी तक्रार केली होती, की आमच्या घरातला गडी हळू पळतो.

हसा, हसा. त्या अर्जावर माझी सही आहे, खाली तारीख आहे आणि 'प्रत माहितीसाठी' म्हणून एक प्रत वरच्या कार्यालयालाही गेली आहे. जन्मभर कारकुनी केलेला माणूस मूर्खपणासुद्धा दोन प्रतींत करतो.

गडी म्हणजे घरगडी नव्हे हो! घरगडी ठेवण्याची ऐपत असती तर मी पालघरच्या कचेरीत फायली कशाला बांधल्या असत्या? हा टीव्हीतला गडी. नव्वद सालानंतरची गोष्ट. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली म्हणून स्टेशनजवळच्या दुकानातून मी व्हिडिओ गेमचा डबा आणला. मुलगी दोन दिवस खेळली, कंटाळली आणि पुस्तकांकडे वळली. बाप पुस्तकांकडून डब्याकडे वळला.

खेळ असा: गडी पळतो, वाटेत खड्डे येतात, बटण दाबलं की तो उडी मारतो आणि शेवटी झेंड्याला हात लावतो. म्हणजे नोकरीच की! पळायचं थोडं, खड्डे चुकवायचे फार. महिनाभरात मला एकही खड्डा अडवेना.

"अहो, नळाचं पाणी जाईल. बादली लावली का?" आमची नलिनी आतून ओरडायची.

"थांब, झेंडा दिसतोय!"

"झेंड्याने आंघोळ करा मग."

असा माझा लौकिक वाढत असताना सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, वाढदिवस आला. नाना सफाळ्याचे, निवृत्त हेडमास्तर. वाढदिवस बोईसरला, धाकट्या जावयाकडे करायचा ठरला. धाकटा जावई म्हणजे माझा साडू प्रभाकर. तिथल्या एका कारखान्यात फोरमन. आता साडू या नात्याबद्दल मी वेगळं काय सांगू? ज्यांना साडू आहे त्यांना कळलंच.

प्रभाकरच्या अमेरिकेतल्या भावाने त्याला एक भला थोरला टीव्ही आणि खेळाचा डबा पाठवला होता. टीव्हीवर लेसचं कापड. गंमत म्हणजे त्या टीव्हीवर आपल्या बातम्या दिसत नसत. चित्र राखाडी, वर वर सरकत जाणारं, आणि आवाज मुका. त्यामुळे त्या अमेरिकन टीव्हीच्या डोक्यावर प्रभाकरने आपला जुना देशी टीव्ही ठेवला होता. बातम्या वरच्या मजल्यावर, खेळ तळमजल्यावर.

आणि खेळ कुठला? तोच! तोच गडी, तेच खड्डे.

"भाऊसाहेब, तुम्ही म्हणे यात पटाईत आहात," प्रभाकर म्हणाला. "होऊन जाऊ दे एक डाव."

"हरेल त्याने कोलंबी सोलायची," नानांनी निकालाआधीच शिक्षा जाहीर केली. सातपाटीची टोपलीभर कोलंबी मोरीत वाट बघत होती.

मी बाह्या सरसावल्या. खेळ सुरू झाला आणि संगीत असं धावायला लागलं, की जणू लग्नाच्या बँडवाल्यांना पुढची सुपारी गाठायची आहे. पहिला खड्डा आला. मी बटण दाबलं. पण मी दाबेपर्यंत गडी खड्ड्यात जाऊन पोचला होता! दुसऱ्यांदा, तेच. तिसऱ्यांदा, तेच. ज्या खड्ड्यावरून मी घरी डोळे मिटून उडी मारायचो, त्या पहिल्याच खड्ड्यात माझे तिन्ही गडी गेले.

"भावोजी, पहिलाच खड्डा तो," मेहुणी शैला म्हणाली. "पुढे आणखी आहेत."

मी मोरीकडे वळलो. कोलंबी सोलता सोलता विचार करत होतो. हात माझेच, डोळे माझेच, मग गडी एवढा पिसाळला कशाने? तेवढ्यात टीव्हीच्या मागून बारीक आवाज ऐकू आला. गुंऽऽ. हात धुवून पाहिलं, तर जाडजूड लोखंडी डबा. वायर भिंतीतून त्याच्यात, त्याच्यातून टीव्हीत आणि खेळात. वरून गरम.

"हे काय, प्रभाकरराव?"

"कुणास ठाऊक. भावाने लिहिलंय, तो काढायचा नाही. काढला तर टीव्ही जळेल."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! पालघरच्या माणसाला एकच विज्ञान येतं: व्होल्टेज. पंखा मंद फिरला, व्होल्टेज कमी. मिक्सर कण्हला, व्होल्टेज कमी. मग गडी जोरात पळाला तर? व्होल्टेज जास्त! साडूने विजेचा दाब वाढवणारा डबा लावला होता आणि त्या जोरावर मला कोलंबीला बसवलं होतं.

त्या दिवशी संशय मनातच ठेवला. फक्त प्रभाकरला पुन्हा खेळायला लावलं आणि घड्याळ धरलं. झेंड्यापर्यंत पन्नास सेकंद. घरी येऊन मोजलं: साठ. पुन्हा मोजलं: साठ. कारकुनाला आकडा सापडला की त्याला देव सापडल्यासारखं होतं.

शेजाऱ्यांच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर मागून आणला. त्यांचा बर्फ वितळला, माझा गडी मात्र तसूभर हलला नाही. मग मी अर्ज लिहिला. 'विषय: निवासस्थानी अपुऱ्या विद्युतदाबामुळे दूरचित्रवाणीवरील गड्याची गती मंदावल्याबाबत. महोदय, बोईसर येथे जे अंतर गडी पन्नास सेकंदांत कापतो, तेच अंतर पालघर येथे कापण्यास त्यास साठ सेकंद लागतात. एकाच तालुक्यातील नागरिकांमध्ये असा भेदभाव…' वगैरे. इतकी वीज आमच्या उशाशी तारापूरला तयार होते, असाही टोमणा मारला. काय भाषा जमली होती म्हणून सांगू!

चार दिवसांनी जानू वायरमन मीटर घेऊन आला. डहाणूकडचा, पन्नाशीचा शांत गृहस्थ. त्याने मीटर लावला.

"साहेब, दोनशेतीस हाय. एकदम बरोबर."

"मग गडी हळू का पळतो?"

जानूने टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आमी खांबापासून मीटरपर्यंत बघतो, साहेब. गडी तुमचा हाय."

इथे तरी थांबावं की नाही? पण दाब आमच्याकडे बरोबर, म्हणजे बोईसरला नक्कीच जास्त! पुढल्या रविवारी सगळे पुन्हा प्रभाकरकडे जमणार होते. मी जानूला जेवणाचं आमंत्रण दिलं, मीटरसकट. आणि नलिनीला सांगून टाकलं, की तुझ्या बहिणीचा नवरा लबाड आहे, रविवारी पुराव्यानिशी सिद्ध करतो.

बहिणी त्या बहिणी. निरोप माझ्याआधी बोईसरला पोचला. शैलाने दारातच पाण्याऐवजी प्रश्न पुढे केला. "भावोजी, आम्ही लबाड काय? वडिलांच्या वाढदिवसाला आम्ही लबाडी केली?"

नलिनीने त्याआधी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आता माघार घेतली तर घरात तोंड दाखवायला जागा नाही, आणि पुरावा मिळाला तर शैला आपल्या बहिणीच्या घरी पुन्हा पाऊल टाकणार नाही. पण मला तेव्हा फक्त मीटर दिसत होता.

"डब्याने दाब वाढत असेल," मी नानांना अर्जातले आकडे वाचून दाखवून जाहीर केलं, "तर या घराण्याच्या प्रत्येक जेवणाची कोलंबी प्रभाकररावांनी सोलायची. आजन्म. नसेल वाढत, तर मी."

"मंजूर," प्रभाकर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. डब्यात काय आहे ते त्यालाही कुठे ठाऊक होतं?

जानूने डब्याच्या दुसऱ्या बाजूला मीटर लावला. सगळे वाकले.

"एकशे धा हाय."

"दोनशे दहा म्हण."

"नाय साहेब, एकशे धा. ह्यो डबा वोल्टेज वाढवत नाय. अर्धा करतो."

आत कुकरची शिट्टी झाली. तीसुद्धा मला उद्देशून वाटली.

"म्हणजे," मी कसाबसा म्हणालो, "अर्ध्या विजेवर यांचा गडी माझ्या गड्याच्या पुढे?"

"पत्र कुठेय रे त्या भावाचं?" नानांनी विचारलं. नाना भज्यांचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नसत. शैलाने कपाटातून पत्र काढलं. प्रभाकरने त्यातली 'डबा काढू नका' एवढीच ओळ वाचून ते ठेवून दिलं होतं. नानांनी चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं वाचलं. तिकडचा टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढतो, आपल्याकडचा पन्नास वेळा. खेळातला गडी दर चित्राला एक पाऊल टाकतो. म्हणून तिकडच्या टीव्हीवर आपल्या बातम्या दिसायच्या नाहीत, आणि तिकडचा खेळ आपल्याकडच्या डब्यात हळू चालायचा. विजेच्या दाबाशी याचा संबंध नाही.

नानांनी पत्राची घडी घातली. "पन्नास आणि साठ. तुमच्या अर्जातलेच आकडे, जावईबापू. उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलं होतं. फक्त प्रश्न म्हणून पाठवलंत."

जानू खाली मान घालून मीटरची वायर गुंडाळत होता. तो हसत नव्हता, हे मला जास्त लागलं.

म्हणजे बघा, महिनाभर ज्या चपळाईवर मी खूश होतो, ती चपळाई खेळ हळू चालतो म्हणून होती! आणि प्रभाकर बिचारा सरळपणे, अर्ध्या विजेवर, पूर्ण वेगाने खेळत होता. मी शैलाची माफी मागितली. तिने टोपली पुढे केली.

पंधरा दिवसांनी वीज कार्यालयाचं उत्तर आलं. तेही कुणीतरी कारकुनानेच लिहिलेलं असणार, हस्ताक्षरावरून नाही, सूडावरून ओळखलं. 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने तपासणी करण्यात आली. विद्युतदाब योग्य आढळला. गड्याची गती हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. तथापि, उडी वेळेवर मारण्याची दक्षता अर्जदाराने घ्यावी.'

नलिनीने ते पत्र देवघराशेजारी चिकटवलं. मुलीने त्याला चौकट करून घेतली.

आता मी निवृत्त झालो. ते दोन्ही टीव्ही, दोन्ही डबे कधीच भंगारात गेले. करार मात्र शाबूत आहे. गेल्याच महिन्यात प्रभाकरच्या नातवाचं बारसं झालं. दीडशे पानं! मी पहाटेपासून मोरीशी पाटावर बसून सोलतो आहे, कंबर धरली आहे, बोटं सुरकुतली आहेत. प्रभाकर दारात येऊन उभा राहिला. हातात घड्याळ.

"काय भाऊसाहेब," तो म्हणाला, "आज फारच हळू चाललंय. व्होल्टेज कमी आहे का?"