डोंगराले काय मालूम, कोण मोठा

प्रभाकर काका आज सकाळी गेले.
परवा दवाखान्यात मी त्यांना तोंडावर "चूक" म्हणाले. माझा त्यांच्याशी तोच शेवटचा शब्द.

ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. काका पायलट. बाबांचे जुने दोस्त, चौबे कॉलोनीत आमच्या मागच्याच गल्लीत घर. मी त्यांची को-पायलट, आणि त्याआधी त्यांच्या अंगणात लहानाची मोठी झालेली पोट्टी.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि आमच्या छोट्या विमानाच्या फेऱ्या एकदम वाढल्या.
त्याच सुमारास कॉकपिटमध्ये एक नवा डबा बसला. जीपीएस.

तोवर काका नदी, रेल्वेचे रूळ आणि होकायंत्र बघून उडायचे. रिटायरमेंट तोंडावर आलेली, तरी मॅन्युअल घेऊन बसले. मला म्हणाले, "तू बी बस. दोघं मिळून शिकू."

विमान जमिनीवरच उभं. भर मे महिना, आत भट्टी झालेली, काकांच्या डोक्यावर ओला गमछा.
मोठे विमानतळ त्या डब्याला माहीत होते. बस्तरकडच्या डोंगरांमधल्या लहान हवाईपट्ट्या नव्हत्या. त्यांचे अक्षांश-रेखांश नॉब फिरवून हातानं भरावे लागत. एकानं भरायचं, दुसऱ्यानं कागदाशी ताडून बघायचं.

रेखांश ब्याऐंशी हवा होता. काकांनी त्र्याऐंशी भरला.
मला दिसलं.

"बरोबर?"
"हो काका."
त्यांनी नॉबवरून हात काढला आणि माझ्याकडे बघत राहिले. "दिसलं होतं ना तुले?"
"हो."
"मग काहून नाही बोलली?"

काय सांगणार, कप्पाळ? आमच्या घरात मोठ्यांना चूक म्हणायची पद्धतच नव्हती. "तुम्ही मोठे ना," एवढंच तोंडातून निघालं.

"अवं पोरी, डोंगराले काय मालूम, कोण मोठा?"

मुद्दाम चुकवलं होतं त्यांनी.

त्या दिवसापासून नियम झाला. विमानात चढताना 'काका' खाली ठेवून यायचं. आत फक्त "बरोबर" नाहीतर "चूक". 'सर' नाही, 'मला वाटतं' नाही.
मला ते फार जड गेलं. ते रोज एखादा आकडा चुकवायचे, मी रोज पुटपुटायचे.
"जोरानं! इंजिन चालू हाये समज!"

मग एकदा ते खरंच चुकले. हवेत, समोर ढग, आणि आकडे भरताना हात घसरला.
"चूक!" मी ओरडलेच.
त्यांनी मुकाट्यानं आकडा दुरुस्त केला.

संध्याकाळी मला घरी घेऊन गेले आणि दारातूनच काकूला हाक. "ऐकलं काय? हिनं आज मले चूक म्हटलं!"
काकूनं शिरा केला. स्वतःच्या चुकीवर एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परवा दवाखान्यात काकू होती, मुलगा होता, सून होती. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून काय ते सांगितलं होतं. आत त्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

काका म्हणाले, "दिवाळीले मी घरीच राहीन."
"हाँ बाबूजी, बिल्कुल," मुलगा म्हणाला.
"हो तं," काकू म्हणाली.
सून उगाच चादर सारखी करू लागली.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघतच राहिले.
ती नजर माझ्या ओळखीची होती. नॉबवरून हात काढल्यावरची.

समोर काकू बसलेली. पळून जावंसं वाटलं.

"चूक," मी म्हणाले.
जोरानं.

काकूनं तोंडाला पदर लावला. काकांनी डोळे मिटले, मोठा श्वास सोडला आणि हात काकूकडे केला.
"ये, जवळ बस. बोलायचं हाये थोडं."

आम्ही सगळे बाहेर आलो. ती दोघं बराच वेळ बोलत होती. काय, ते मला माहीत नाही. विचारणारही नाही.

आज त्यांना नेल्यावर काकूनं माझा हात धरला.
"तू नसती बोलली तं आमचं बोलनं राहूनच गेलं असतं."

मी तिथं रडले नाही. घरी येऊन खूप रडले.

विमानात तुम्हाला 'काका' म्हणायची मनाई होती.
आता उतरलोय ना आपण?

काका.
काका.

जा निवांत. भरल्या मनानं निरोप.