हाताला विचारून सांगतो

कोणतीही गोल वस्तू हाती आली की तो ती आधी बोटांत फिरवून पाहत असे. मग ते लिंबू असो, कांदा असो, की लग्नाच्या पंगतीतला बुंदीचा लाडू असो. अंगठा खाली, दोन बोटे वर, आणि कुठे शिवण लागते का याचा शोध. लाडवाला शिवण नसते हे त्याच्या आईने त्याला भर पंगतीत सुनावले होते. तो हसला, लाडू आणखी एकदा फिरवला आणि मग खाल्ला.

दुसरी सवय बोलण्याची. उद्या सरावाला येतोस का, पाण्याला जातोस का, जेवतोस का, काहीही विचारा, तो उजव्या हाताकडे एकदा पाही आणि म्हणे, "हाताला विचारून सांगतो." अशी माणसे तुमच्याही पाहण्यात असतील, त्यांच्या बोलण्याला आपण लकब म्हणतो आणि पुढे जातो. मीही बरेच दिवस तेच केले.

मी त्या काळी औशाच्या तहसील कचेरीबाहेर निंबाखाली टंकलेखन यंत्र मांडून अर्ज लिहून देत असे. दिवसा इतरांचे अर्ज आणि संध्याकाळी माझे स्वतःचे. माझे अर्ज बहुधा तक्रारीचे असत. उस्मानाबादेतून वेगळा होऊन आमचा लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या आणि त्या पाट्यांखाली बसलेल्यांना आपले काम काय, हे अद्याप कळवण्यात आले नव्हते. ते कळवण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली होती.

त्याच सुमारास शाळेतले खेळाचे सर कुठूनसे प्रशिक्षण घेऊन आले. येताना त्यांनी चार हातमोजे, दोन बॅटी आणि बेसबॉल नावाच्या खेळाचे इंग्रजी नियमपुस्तक आणले. भाषा कायद्याची होती, म्हणून पुस्तक माझ्याकडे आले. एका कलमापाशी मी थबकलो. फेकणाऱ्याची नजर चुकवून धावत पुढचा तळ, म्हणजे बेस, गाठणे, याला तिथे उघड चोरी म्हटले होते आणि शिक्षेऐवजी तिला बढतीची तरतूद होती. मी सरांना म्हणालो, "हा खेळ कचेरीतल्यांना शिकवू नका. त्यांना येतो."

तो सरांना सापडला दुष्काळामुळे. एरवी तो एका शेतमालकाच्या ज्वारीत माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरे हाकत असे. त्या वर्षी ज्वारी आली नाही, म्हणून पाखरे आली नाहीत, म्हणून तो मोकळा होता. सरांनी त्याच्या हाती चेंडू दिला. त्याने तो फिरवला, शिवण सापडताच त्याचा चेहरा उजळला, आणि पुढच्या क्षणी झेलणारा मुलगा मोजा काढून हात चोळत बसला होता.

मैदान असे नव्हतेच. पण गावाबाहेरचा तलाव आटून त्याचा तळ सपाट पडला होता, भेगाळलेला आणि काळा. तिथे सराव सुरू झाला. फेकणाऱ्याने उंचवट्यावरून फेकावे असा नियम असल्याने मी उंचवट्याचा आग्रह धरला. पोरांनी गाळाची माती रचून, ठोकून तो उभा केला आणि वर, फेकताना पाय टेकायच्या पट्टीऐवजी, शहाबादी फरशी बसवली. मी टेप लावून उंची तपासत असताना तो शेजारी उभा होता.

"काका, बोटभर कमी असलं तर पोलीस येतील का?"

"मी येईन," मी म्हणालो.

नव्या जिल्ह्याला स्वतंत्र संघ मिळावा म्हणून मी किती पत्रे लिहिली, ते इथे सांगत नाही. मान्यता आली. राज्य स्पर्धा पुढच्या वर्षी होती. त्याच्यासाठी तिचा अर्थ वेगळा होता. त्याची आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत असे आणि त्याला शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात जायचे होते. राज्य स्पर्धेत प्रत्यक्ष खेळल्याचे प्रमाणपत्र असल्याशिवाय तिथे त्याला कोणी उभे करणार नव्हते. त्याच्याकडे गुण बेताचे होते आणि ओळख कोणाचीच नव्हती. हात तेवढा होता.

आणि तो हातच गेला.

त्यांच्या बौद्ध वस्तीच्या विहिरीवर कप्पी नव्हती. कप्पी बसवावी असा अर्ज मी स्वतः दिला होता आणि "कार्यवाही सुरू आहे" असे उत्तर माझ्या पेटीत होते. पाणी इतके खाली गेले होते की दोरीला दोरी जोडावी लागे. टँकर आला नाही की तोच काठावर उभा राहून साऱ्या वस्तीचे पाणी शेंदत असे. एका सकाळी भरलेला पोहरा आतल्या दगडाला अडकला. त्याने हिसका दिला. पोहरा सुटला, पण खांद्यात काहीतरी फाटले. त्याने दोरी सोडली नाही, डाव्या हाताने पोहरा वर आणला, शेजारणीच्या घागरीत ओतला आणि मग खाली बसला. हे मला तिथे उभ्या असलेल्या बायांनी सांगितले. ती कप्पी पुढच्या वर्षी बसली. त्या कचेरीला मी जे अभिनंदनाचे पत्र लिहिले, ते त्यांनी दप्तरी ठेवले नसावे.

आमच्याकडे खांदा निखळला, पाय मुरगळला की माणूस आधी तालमीत जातो. तिथल्या उस्तादांचा हात चांगला होता, शेकडो पैलवान त्यांनी उभे केले होते. त्यांनी याला पैलवानच समजून घेतले. "खांदा जाम हुआ बेटा, खोलना पडता," म्हणत तेल जिरवले, रगडले आणि जड लाकडी मुदगल फिरवायला दिले. तो दात आवळून फिरवत राहिला, कारण उस्तादांपुढे नाही म्हणायचे नसते. महिनाभरात त्याला उजव्या हाताने भांग पाडता येईना. घास डाव्या हाताने घेऊ लागला. मी विचारले, "हात काय म्हणतो?"

"काहीच म्हणून नाही राहिला, काका," तो म्हणाला. तेव्हा मला प्रथम भीती वाटली.

त्याचे मामा लोह्याला होते. ते त्याला नांदेडच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आला तो हात गळ्यातल्या झोळीत घेऊन. मी दिसताच म्हणाला, "गोफणीत आता धोंडा न्हाई काका, हातच हाय."

डॉक्टरांनी औषध थोडे आणि धीर फार सांगितला होता. आधी हात पूर्ण थांबवायचा. मग भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढायची, दुखले की थांबायचे, तिथे खूण करायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुणेपर्यंत जायचे. पुढे गेले तर ठीक, नाही तर नाही. त्याच्या घराची भिंत कुडाची होती, बोटांखाली ती सुटे. म्हणून तो कचेरीच्या कुंपणाच्या भिंतीवर येई, माझ्या मागेच. मी यंत्रावर अर्ज बडवीत असे आणि माझ्या पाठीशी त्याची बोटे चुन्यावर सरकत असत. कोळशाच्या खुणा हळूहळू वर जात. कधी दिवसेंदिवस एकाच जागी राहत.

कचेरीत येणारे थांबून पाहत. "काय रे, पाल चढून राहिली का भिंतीवर?" एका तलाठ्याने विचारले.

"हाव सायेब," तो मान न वळवता म्हणाला. "वर गेली की चुकचुकते. मंग तुमचं काम व्हत न्हाई."

शिपायाने एकदा सरकारी भिंत विद्रूप केल्याबद्दल त्या खुणा पुसायला फडके आणले. मी त्याला खुर्चीवर बसवून, विद्रूप म्हणजे काय आणि भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्यांपासून आरंभ करायचा की कोळशापासून, असे लेखी विचारले. फडके परत गेले.

उन्हे उतरली की आम्ही दोघे तलावात जात असू. तो फरशीवर बसे. हात जरा मोकळा झाल्यावर तो ढेकळे उचलून खालून, अलगद, जवळच्या भेगेत टाकू लागला. ढेकूळ बोटांत फिरवायचे, भेग निवडायची, सोडून द्यायचे. जोर नव्हताच. पण जोर नसल्यामुळे त्याला काहीतरी दिसू लागले असावे. भेग अरुंद होत गेली, अंतर वाढत गेले, आणि ढेकूळ मात्र इतक्या सावकाश जाई की मध्येच ते परत फिरेल असे वाटे.

त्याची आई एकदा तिथवर आली. खडीच्या धुळीने पापण्या पांढऱ्या झालेल्या. बराच वेळ पाहून मला म्हणाली, "भाऊ, ह्याच्यावर परमानपत्र मिळतं का?"

"ह्याच्यावर नाही," मी म्हणालो. "मैदानात उतरावं लागतं."

"मंग उतरवा की. कायदा तुमच्याजवळ हाय."

कायदा होता. स्पर्धेला निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला समजावून सांगितले. हात अजून खांद्याच्या वर जोराने जात नव्हता आणि डॉक्टरांनी जोराचे फेकणे बंदच ठेवले होते. "तुला दुसऱ्याच्या बदली फक्त पळायला उतरवायचं. नियमात बसतं. तुझा पाय मैदानावर पडला की तू खेळलास. हाताला धक्का नाही, कागद तुझा."

तो निंबोळी बोटांत फिरवत होता. "कायद्यात बसतं, काका. पण मी पळणारा न्हाई ना."

"आणि फेकायला गेलास आणि हात कायमचा गेला तर?"

"हाताला विचारून सांगतो."

स्पर्धा पश्चिमेकडच्या एका शहरात होती. तिथल्या मैदानावर गवत होते, हिरवे, आणि ते पाण्याच्या नळीने भिजवत होते. आमची पोरे खेळ विसरून ती नळी पाहत उभी राहिली. मी व्यवस्थापक म्हणून गेलो होतो. आम्ही हरणार हे लवकरच ठरले. शेवटच्या डावात सरांनी माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले. तो उठला.

पहिला चेंडू त्याने असा सोडला की त्यांच्या बाकावरून आवाज आला, "अरे, चहा पिऊन ये तोवर." फलंदाजाने चेंडू येण्याआधीच बॅट फिरवली. दुसऱ्यावरही तेच. वेगाला सरावलेल्या त्या मुलांना वाट पाहणे कोणी शिकवले नव्हते. याला मात्र वर्षभर भिंतीने दुसरे काही शिकवले नव्हते. एक गेला. दुसऱ्याने चेंडू दूर मारला आणि आमच्यावर आणखी एक धाव चढली. तिसराही गेला. तीन बाद झाले की डाव संपतो, म्हणजे एकच उरला. शेवटच्या गड्याला सर बाजूने ओरडले, "आता एक टाक, जुना. जोरात." त्या जुन्या चेंडूसाठी आम्ही सारेच जीव टाकत होतो, खोटे का बोला.

त्याने हाताकडे पाहिले. मग सरांकडे पाहून मान हलवली. "न्हाई म्हणतो."

चेंडू पुन्हा तसाच निघाला, तलावातल्या ढेकळासारखा. बॅटीच्या कडेला लागून सरळ वर गेला आणि त्याच्याच डोक्यावर खाली आला. त्याने तो डाव्या हातात झेलला, उजवीकडे घेतला आणि शिवण शोधली.

प्रमाणपत्र मिळाले. त्यावर त्याच्या आडनावाची चूक होती, ती मी दुरुस्त करून घेतली. महाविद्यालयात प्रवेशही झाला. तो जायच्या आधी दुष्काळ सरला आणि तलाव भरला. आमचे मैदान, उंचवटा आणि फरशी पाण्याखाली गेली. निघायच्या दिवशी तो मला बांधावर घेऊन गेला. एक वाटोळा दगड उचलला, फिरवला. मग हात पूर्ण मागे, खांद्याच्या वर नेला, खांदा फाटण्याआधी न्यायचा तसा. मी डोळे मिटणार होतो. दगड सुटल्याचा आवाज आला आणि फार दूर, फरशी असावी त्या अंगाला, पाणी उडाले.

"हाव म्हणतो," तो म्हणाला. त्याच्या हाताचा तो वेग पाहायला त्या दिवशी मी एकटाच होतो.

पुढे तो लोह्याकडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक झाला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. त्याने तिथे मुलींचा संघ उभा केला. एखादीचा खांदा दुखला की तो तिला भिंतीसमोर उभी करी, असे ऐकतो. गेल्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला. माझ्याहून किती लहान होता. या क्रमाबद्दल तक्रार कुठे करायची असते, ते मला एवढ्या वर्षांत सापडलेले नाही.

या उन्हाळ्यात तलाव पुन्हा खाली गेला. उंचवटा झिजून बेटासारखा वर आला आणि फरशी उघडी पडली. मेंढरामागे फिरणाऱ्यांना पाण्यातून वर आलेली ती शिळा दिसली, त्यांनी तिला शेंदूर लावला. आता तिथे नारळ फुटतात, अगरबत्त्या लागतात. सार्वजनिक तलावात विनापरवाना देवस्थान उभे राहणे हा कोणत्या कलमाखाली येणारा प्रकार आहे, हे मला तोंडपाठ आहे. कागदही घेतला होता. देव न मानणाऱ्या घरातला तो, त्याने शेंदूर पाहिला असता तर बोटभर उंची कमी भरते का, एवढेच मला विचारले असते.

कागद कोराच राहू दिला आणि संध्याकाळी तलावात उतरलो. फरशीवर कोणीतरी लिंबू ठेवले होते. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून मी ते उचलले. अंगठा खाली, दोन बोटे वर. बराच वेळ फिरवत उभा राहिलो.