उपासाचंच खाल्लं होतं

मी सातवीत शाळा सोडलेली बाई. नेदरलँड्समध्ये लेकीकडे राहते. ती लायडनला प्रयोगशाळेत कामाला आहे. इथला कुठलाही कागद आला की मी आधी घाबरते, मग तो तिच्यापुढे धरते. शौचातून रक्त जातंय हेसुद्धा मी महिनाभर लपवून मग तिला सांगितलं. हाउसआर्ट्स, म्हणजे इथले नेहमीचे डॉक्टर, म्हणाले, आतड्यात दुर्बीण घालून बघू, उशीर नको.

त्याच सुमारास गावाकडे माझ्या आईनं अंथरूण धरलं. "आधी तपासणी, मग चार दिवसांनी विमान," असं म्हणून लेकीनं सगळं जुळवून दिलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "ये की बरी होऊन. मी काय कुठं पळून चाललेय?" तिचा आवाज इतका बारीक, की मी फोन कानावर दाबून धरला होता.

तयारीचा कागद लेकीनं मराठीत लिहून फ्रिजवर लावला. तीन दिवस बिया, दाणे, सालं बंद. आदल्या दिवशी फक्त पाणी, गाळलेला रस, कोरा चहा.

"उपासच समज आई," तपासणीच्या आदल्या सकाळी ती म्हणाली.

"उपास मला शिकवतेस होय गं? नऊ वर्षांची असल्यापासून करतेय."

हसत हसत सायकल काढून ती कामावर गेली. मी देवापुढे बसले. आईचं तोंड दिसू दे, एवढंच मागितलं. दुपारी हातपाय गळाले, म्हणून भिजवलेला साबुदाणा परतला, वर मूठभर दाण्याचं कूट घातलं, एक राजगिऱ्याचा लाडूही खाल्ला. चुकतंय असं मनात आलंच नाही. कागदावरचे दाणे म्हणजे जेवणातले दाणे. उपासाचं त्यात कसं धरतील? भात नाही, पोळी नाही. माझ्या हिशेबी मी कडक राहिले होते.

संध्याकाळी ते खारट औषध. दोन घोट प्यायचे की पोटात ढवळून यायचं. लेक बाथरूमच्या दाराबाहेर फरशीवर बसून होती. "शाब्बास, अजून एकच ग्लास." लहानपणी तिला मी असंच काढा पाजायची.

दवाखान्यात नर्सबाईंनी माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. पण डॉक्टर मधेच थांबले. आतडं साफ नव्हतं, काही नीट दिसेना. पुन्हा करावं लागेल, बारा दिवसांनी.

"आई, काल काय खाल्लंस?" लेकीनं विचारलं.

"काही नाही गं. उपासाचंच."

ती म्हणाली, "माझंच चुकलं. उपास हा शब्दच मी काढायला नको होता." तिनं ओरडायला हवं होतं. तिनं मला कोट घातला, बटणं लावली.

"मी तशीच जाते गं गावाला. आल्यावर बघू तपासणीचं."

"आणि वाटेत रक्त वाढलं तर? विमानात?" ती रडायला लागली, म्हणून मी हट्ट सोडला. विमान पुढे ढकललं.

आठव्या दिवशी आई गेली. विमान गाठलं असतं, तर चार दिवस तिच्याजवळ मिळाले असते. भावानं फोनवर तिचा चेहरा दाखवला. कुंकू जरा तिरकं लागलं होतं. तिथं असते तर मी पुसून सरळ लावलं असतं.

दुसऱ्या वेळी मी पाण्याशिवाय कशाला शिवले नाही. डॉक्टरांना एक बारीकसा मांसाचा कोंब सापडला, तो त्यांनी तिथंच काढला. काळजीचं काही नाही म्हणाले. नर्सबाईंनी चहा आणि टोस्ट आणून दिला. किती मायेची माणसं ती!

त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, तारीख पुढं का गेली गं? आई रोज विचारायची."

"दवाखान्यानंच बदलली रे."

"तरीच. ती पण म्हणायची, परक्या देशातले डॉक्टर, सोडत नसतील माझ्या पोरीला."

लेक समोरच बसली होती. तिनं ऐकलं, मान खाली घातली. खरं काय ते मी भावाला सांगितलं नाही. ज्यांनी माझा हात धरला, त्यांच्यावर मी आळ घेतला; आणि आई तर आधीच तेच खरं मानून गेली होती.