बहिऱ्यांना फोन करून विचारतात, ऐकू येतं का

मंडळी, बहिरेपणावर संशोधन कसं चालतं ते आज सकाळी आमच्या देऊळघाटच्या घरात बसून ऐकलं.

कुठल्याशा संस्थेतून एका साहेबांचा फोन आला. कानाच्या आजारांचा अभ्यास चालू आहे म्हणे. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना गाडीने बुलढाण्याला नेऊन मशीनवर तपासणार. माझ्या सासूबाईंचं नाव गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी कळवलं होतं. त्यांचा कान कित्येक वर्षं वाहतो.

मी म्हटलं, "साहेब, त्यायले ऐकूच येत नाही. मले इचारा."

"नाही मॅडम. उत्तर पेशंटनेच द्यायचं, नियम आहे."

काय करता? फोन स्पीकरवर टाकून सासूबाईंच्या हातात दिला.

"आजी, तुम्हाला नीट ऐकू येतं का?"

आता आमच्या सासूबाई कोणी काहीही बोललं तरी हसून 'हाव' म्हणतात. समोरच्याला परत परत बोलायला लावायची लाज वाटते त्यांना.

"हाव," त्या म्हणाल्या.

"काही त्रास नाही ना?"

"हाव."

"छान. मग तपासणीची गरज नाही."

मी फोन ओढून घेतला. "अहो, नाव इचारून पाहा, तरी हावच म्हणतीन त्या."

"मॅडम, उत्तर नोंदवलं गेलंय."

अक्कल कुठे गहाण ठेवून येतात हे लोक? अशा अभ्यासातून आपल्या जिल्ह्यात कोणी बहिरं सापडेल, असं वाटतं का तुम्हाला?

सासूबाईंनी विचारलं, "कोनाचा फोन होता वं?"

मी कानाशी जाऊन ओरडले, "रिकामटेकडे होते."

"हाव," म्हणाल्या, आणि हसल्या.